जितकी जड, तितकी लाट

लायल ट्रेन्गोव्हने बोट घेतली ती एका पेलिकनमुळे. बुलनारा गावात अजूनही काही जण ती मेहुण्यामुळे घेतली असं सांगतात, पण ते खरं नाही. मेहुणा लग्नापासूनच होता आणि मेहुण्याची बोटही जवळजवळ तेव्हापासूनच होती. तेवढ्याने माणूस बोट घेत असता तर लायलकडे एव्हाना आरमार जमलं असतं.

झालं ते असं. जानेवारीतला रविवार, ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीवर ऊन नुसतं रणरणत होतं, आणि मेहुणा डॅरिल लिंडनर आपल्या बोटीमागे पाहुण्यांना एकेक करून ओढत होता. पायाला फळी बांधायची, हातात दोर धरायचा, बोट सुसाट सुटली की तिच्या मागे उठणाऱ्या लाटेवरून उड्या मारायच्या, असा तो खेळ. नदीवरचा नियम असा की बोटीमागे माणूस असेल तर बोटीत चालकाशिवाय आणखी एक जण हवा. त्याने मागे तोंड करून बसायचं आणि मागचा पडला की हात वर करायचा. बस्स. हे काम कुणालाच नको असतं, म्हणून ते लायलकडे होतं. कित्येक उन्हाळे तो मागे तोंड करून नदी फिरला होता. नदी पुढून कशी दिसते हे त्याला नीटसं ठाऊकच नव्हतं.

त्या दिवशी पाण्यातल्या एका वाळक्या खोडावर पेलिकन उतरत होता. पेलिकन उतरताना दोन्ही पाय असे पुढे करतो, की बघणाऱ्याला वाटावं, हा ब्रेक शोधतोय. लायल बघत राहिला. तेवढ्यात मागचा पाहुणा, कुणी सिमेंटचा व्यापारी होता, पाण्यात पडला आणि बोट त्याला तिथेच सोडून पार पुढच्या वळणाला गेली.

व्यापाऱ्याला पाण्यातून काढल्यावर डॅरिलने काठावरच्या सगळ्या मंडळींसमोर, हातातला मांस उलटायचा चिमटा उंच धरून विचारलं, "गावाला चष्मे कोण देतं?"

"लायल!" मंडळी ओरडली.

"आणि सव्वाशे किलोचा माणूस पाण्यात पडलेला कुणाला दिसला नाही?"

"लायलला!"

लायलचं गावात चष्म्याचं दुकान होतं. तो डोळे तपासायचा, आणि चांगले तपासायचा. त्यामुळे हे त्याला जरा जास्तच लागलं. त्याची बायको नोलीन, म्हणजे डॅरिलची थोरली बहीण, सँडविच कापत होती. तीही हसली. फार नाही, पण हसली.

परत येताना गाडीत लायल म्हणाला, "आपण बोट घ्यायची."

"संध्याकाळी थंड कोंबडी चालेल ना? गॅस पेटवायचं जिवावर आलंय," नोलीन म्हणाली.

ती गावच्या शाळेत लहान मुलांना बासरी शिकवायची. वर्गभर मुलं एकाच वेळी वेगवेगळे चुकीचे सूर काढताहेत आणि आपण टेबलाशी शांत उभं आहोत, हे जिने निम्मं आयुष्य केलं, ती बोटीच्या घोषणेने काय दचकणार?

*

बोट घ्यायचं ठरवलं की सल्ला देणारे शोधावे लागत नाहीत. लायलची पंचाईत अशी, की त्याच्या दुकानात सल्ला देणारा यंत्राच्या पट्टीवर हनुवटी टेकवून बसलेला असायचा आणि त्याला मध्येच उठवता येत नसे.

"आता पहिलं स्पष्ट दिसतं की दुसरं?" लायल विचारायचा.

"दुसरं. पण बाहेर इंजिन लटकवलेली घेऊ नकोस. मागचा पडला की पंखा थेट त्याच्याजवळ."

"आणि हे? पहिलं की दुसरं?"

"दोन्ही सारखंच. आणि दिवाळखोर माणसाची जुनी बोट घेऊ नकोस. त्याने तेलही बदललेलं नसतं."

शेजारीण स्तावरूला कानेलोस हिचा सल्ला मात्र वेगळा होता. तिची संत्र्यांची बाग लायलच्या कुंपणाला लागून. सत्तरी उलटली तरी ट्रॅक्टर स्वतः चालवायची आणि कुंपणावरून बोलताना हातातलं संत्रं सोलत राहायची.

"माझ्या नवऱ्यानेही, कोस्तासने, बोट घेतली होती रे," ती म्हणाली. "फार गुणाची निघाली."

"ती मागे पडलीय तीच ना? तिच्यात तर तुळस लावलीय तुम्ही."

"म्हणून तर म्हणते गुणाची. पाण्यात होती तोवर रोज भांडण. बाहेर काढली, माती भरली, तेव्हापासून एका शब्दाचा त्रास नाही. तू असं कर, पाण्याची पायरीच गाळ. आणलीस की थेट माती भर."

*

बोटींचं दुकान ॲडलेड शहरात होतं. दुकान कसलं, विमानतळच. चकचकीत बोटी रांगेने उभ्या आणि मधून जेरॉम नावाचा विक्रेता तरंगत आल्यासारखा आला. डोक्यावर काळा चष्मा लावलेला. डोक्यावर चष्मा लावणाऱ्या माणसांविषयी लायलचं मत व्यवसायामुळेच वाईट होतं.

"काय करायचंय, बोर्ड की सर्फ?" जेरॉमने विचारलं.

लायलने महिनाभर वाचन केलं होतं, पण नेमका हाच प्रश्न पुस्तिकेत नव्हता. "दोन्ही," तो भारदस्तपणे म्हणाला. "प्रसंगानुरूप."

जेरॉमने समजावून दिलं. बोर्डवाल्यांना वेग लागतो आणि टोकदार, छोटी लाट. सर्फवाल्यांचं उलट. बोट सावकाश न्यायची, एका कुशीवर जड करायची, मग मागे एवढी मोठी आणि गुबगुबीत लाट उठते, की माणूस दोर सोडून देतो आणि नुसता त्या लाटेवर उभा राहून बोटीमागे येत राहतो. त्यासाठी फरशीखाली टाक्या. बटण दाबलं की नदीचंच पाणी टाक्यांत भरतं आणि भरून वाहू लागलं की कुशीतल्या भोकांतून बाहेर उडतं.

"एकच सूत्र लक्षात ठेवा," जेरॉम म्हणाला. "जितकी जड, तितकी लाट."

लायलने मान डोलावली आणि पेले ठेवायच्या खळग्यांकडे वळला. बोटीत असे खळगे इतके होते, की निम्मं गाव चहा घेऊन बसलं असतं. त्याने गाद्यांची शिवण ओढून पाहिली, आरशात स्वतःला पाहिलं, चाक धरून उभा राहिला आणि डोळे बारीक करून समोरच्या भिंतीकडे क्षितिजासारखं बघितलं. हे सगळं होईपर्यंत नोलीन बोटीच्या मागच्या फळीवर उभी होती आणि खाली, जिथे पाणी नव्हतं तिथे, बघत होती.

"लाट किती वेळ टिकते?" तिने एकदम विचारलं.

"बाई, टाकीत पेट्रोल आहे तोवर."

"मध्ये फुटत नाही?"

"चालवणाऱ्याने वेग सांभाळला तर नाही."

"हं," नोलीन म्हणाली.

लायलने तो "हं" ऐकला, पण तो तेव्हा रंगाच्या विवंचनेत होता. पसंत पडलेली बोट परवडत नव्हती आणि परवडणारी पसंत पडत नव्हती. शेवटी जेरॉमने कोपऱ्यातली एक दाखवली. गेल्या मोसमात नमुन्यासाठी ठेवलेली, नवीकोरी, पण कुणी घेतली नव्हती. का, ते लांबूनच कळत होतं. रंग पक्क्या वांग्याचा, वर हिरवट चमकी.

"ह्या रंगाने डोळ्याला त्रास होतो," लायल म्हणाला. "हे मी माहीतगार म्हणून सांगतोय."

"आत बसल्यावर दिसणार नाही," नोलीन म्हणाली. व्यवहार तिथेच झाला.

*

बोट घेण्यापेक्षा घरी आणणं अवघड (ती शेवटी दुकानाच्या ट्रकने आली), आणि त्यापेक्षा ती चालवायचा परवाना अवघड. परवान्याच्या कचेरीतल्या बाईंनी लायलचे कागद उलटसुलट केले आणि मान हलवली.

"तुम्ही चष्मा लावता. नजर ठीक असल्याचं प्रमाणपत्र लागेल."

"हे काय, जोडलंय."

"ह्यावर सही तुमचीच आहे."

"गावात डोळे तपासणारा मी एकटाच आहे, बाई."

"स्वतःचं प्रमाणपत्र स्वतःला देता येत नाही."

"अहो, तुमच्या नाकावरचा चष्मासुद्धा मीच दिलाय!"

बाईंनी चष्मा काढला, उजेडात धरला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, "म्हणूनच सांगते, दुसऱ्याकडे जा."

दुसरा म्हणजे नदीच्या वरच्या अंगाच्या गावातला पर्किस. लायल आणि पर्किस गेली वीस वर्षं एकमेकांची गिऱ्हाइकं पळवत आले होते. पर्किसने लायलला खुर्चीत बसवलं, हनुवटी पट्टीवर टेकवायला लावली आणि असा काही वेळ घेतला, की लायलला आपल्या दुकानात लोक सल्ले का देत असतील ते पहिल्यांदा कळलं. माणसाला तिथे दुसरं काही करताच येत नाही.

"लायल, गड्या," पर्किस शेवटी अगदी प्रेमाने म्हणाला, "तुझे स्वतःचे डोळे शेवटचे कधी तपासले होतेस?"

"का?"

"लांबचं बरंच बदललंय. मेहुण्याच्या बोटीवरचा तो किस्सा आला आमच्याकडेही. तो पेलिकनच होता ना रे नक्की?"

लायल नवा चष्मा घेऊन परत आला. परवाना मिळाला. गावात महिनाभर त्याला कुणीही, काहीही दाखवून "हे काय आहे सांग बरं?" असं विचारत होतं. त्याकडे त्याने दुर्लक्ष केलं. मोठ्या कामाला हात घालणाऱ्या माणसाला हे सोसावंच लागतं.

मग कळलं, की नदीखात्याने टाक्या भरून बोट चालवायला लायलच्या घरासमोरच्या पट्ट्यात बंदी केलीय, लाटांनी काठ ढासळतात म्हणून. परवानगी होती ती गावाच्या पलीकडल्या सरळ पट्ट्यात. म्हणजे बोट गाडीला जोडून गावातून न्यायला हवी. म्हणजे गाडी हवी. लायलची गाडी बोटीला जोडली तेव्हा तिची पुढची चाकं जमिनीला जेमतेम टेकली होती. गाडीने बोट ओढायची की बोटीने गाडी, हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. "माझ्या गाडीने नेऊ की," डॅरिलने फोनवर सांगितलं. लायल म्हणाला, आभार, पण सोय झालीय.

सोय झालेली नव्हती. त्याने फोन ठेवला आणि कुंपणाकडे गेला.

"मी नेते," स्तावरूला म्हणाली. "संत्र्यांची गाडी नेते तशी. माती तिकडूनच आणू का येताना?"

*

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी बुलनाराच्या मुख्य रस्त्यावरून ट्रॅक्टर निघाला. ट्रॅक्टरवर काळ्या कपड्यातली स्तावरूला, मागे वांगी रंगाची बोट, बोटीमागे स्वतःच्या गाडीत लायल आणि नोलीन. ट्रॅक्टरचा वेग प्रेतयात्रेपेक्षा किंचित जास्त होता. पावाच्या दुकानातून लोक हातातले मांस भरलेले पाव घेऊन बाहेर आले. "लग्न कुणाचं?" एकाने विचारलं. दुसऱ्याने टोपी काढून छातीशी धरली. लायल समोर बघत राहिला. नव्या चष्म्यातून सगळ्यांचे चेहरे फार स्पष्ट दिसत होते.

पाण्यात उतरवायच्या उतारावर डॅरिल दोन मित्रांना घेऊन आधीच हजर होता. त्याची बोट पाण्यात तयार. लायलची बोट बघून त्याने फक्त काळा चष्मा लावला. मग तो वांगी बोटीभोवती एक फेरी मारून आला, मागच्या बाजूला खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "लायल, अरे, ते मागचं..."

"डॅरिल," लायल म्हणाला. त्याने हे वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. "ह्या बोटीचा कप्तान कोण?"

"तू."

"मग झालं तर."

डॅरिलने खांदे उडवले आणि आपल्या बोटीत जाऊन बसला. इथे त्याचीही बाजू सांगायला हवी. त्याला खरंच वाटलं, की एवढ्या तोऱ्यात बोलणाऱ्या माणसाने ते बघितलेलं असणार.

स्तावरूलाने ट्रॅक्टर मागे घेऊन बोट अलगद पाण्यात सोडली. मागे बघायला माणूस हवाच होता, त्यामुळे तिलाच आत घेतलं. ती मांडीवर संत्र्यांची पिशवी घेऊन मागे तोंड करून बसली आणि साली जवळच्या खळग्यात टाकू लागली. लायलने इंजिन सुरू केलं. बोट वाजू लागली. समोरच्या पडद्यावर कसलीशी सूचना आली, लायलने "ठीक" दाबलं. दुसरी आली, "ठीक". टाक्या भरताहेत, ठीक. कुणीतरी उभं आहे, ठीक. बोट प्रत्येक गोष्टीला वाजत होती, नव्या सुनेला सासू प्रत्येक गोष्ट सांगते तशी. थोड्या वेळाने लायलला ते ऐकूही येईनासं झालं.

मग नोलीनने अंगातला सदरा काढला. खाली पोहायचा पोशाख होता, नवा. हा तिने कधी घेतला हे लायलला ठाऊक नव्हतं.

"आधी मी," ती म्हणाली, आणि फळी घेऊन पाण्यात उतरली.

लायलची कल्पना अशी होती, की आधी काही फेऱ्या नुसत्या मारायच्या, डॅरिलच्या बोटीशेजारून. पण कप्तान असला तरी तो नोलीनचा नवराही होता. त्याने बोट हळूच पुढे घेतली. नोलीन उठायला गेली आणि पडली. पुन्हा दोर, पुन्हा पडली. लाट अगदीच मिळमिळीत होती. चहाच्या बशीत फुंकर मारावी तशी. डॅरिल लांबून बघत होता. लायलने पुन्हा बटण दाबलं, पडद्यावर टाक्या भरल्याचं आलं, कुशीतून पाणी उडू लागलं. जेरॉमने सांगितलं होतं तसंच. आणि थोड्याच वेळात लाट खरोखरच वाढू लागली.

"छान!" लायल म्हणाला.

पाचव्यांदा की सहाव्यांदा नोलीन उठली. गुडघे वाकलेले, हात पसरलेले, तोंड घट्ट मिटलेलं. लाट तिच्या कमरेपर्यंत आली. मग कमरेच्या वर. बोटीचा मागचा भाग पाण्यात दबून बसला होता आणि मागे हिरव्या काचेसारखी, गुळगुळीत, न फुटणारी लाट चालली होती. काठावर मासे धरायला बसलेली माणसं हातातले गळ ठेवून उभी राहिली. एवढी लाट त्या पट्ट्यात कुणी पाहिली नव्हती. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. लायलची छाती फुगली. त्याला जेरॉमचं सूत्र आठवलं आणि वाटलं, की आपण टाक्या फार उत्तम भरल्यात.

नोलीनने दोर सोडला.

"सोडला तिने!" स्तावरूला ओरडली. "अरे, ती नुसतीच येतेय!"

लायलने मागे वळून बघितलं. कित्येक उन्हाळे मागे बघूनही त्याने असं काही बघितलं नव्हतं. नोलीन कशालाही न धरता पाण्यावर उभी होती. शाळेत मुलांकडून पहिल्यांदा एखादा सूर बरोबर निघाला की तिचा चेहरा जसा होतो, तसा झाला होता. फक्त हा सूर थांबत नव्हता.

"लायल," स्तावरूला म्हणाली, "माझे पाय ओले झालेत."

"बोट आहे. पाय ओले होणारच."

"घोट्याच्या वर ओले झालेत."

लायलने खाली बघितलं. संत्र्याच्या साली बोटीत तरंगत होत्या. पडद्यावर लाल अक्षरं होती, कधीची कोण जाणे. कुशीतून उडणारं पाणी टाक्यांचं नव्हतं. बोटीतला पंप आत येणारं पाणी जीव खाऊन बाहेर फेकत होता आणि हरत होता. लांबून डॅरिल दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होता. मघापासून लायलला वाटत होतं, तो वाहवा करतोय. आता शब्द कळला.

"बूच! अरे, बूच लावलेलं नाही! बूच!"

बोटीच्या मागे, खाली, पाणी काढायचं भोक असतं. बोट जमिनीवर असताना उघडं ठेवायचं आणि पाण्यात सोडण्याआधी बूच बसवायचं. जेरॉमने बूच हातात देऊन दाखवलं होतं आणि हरवू नये म्हणून एका खळग्यात ठेवलं होतं. त्या खळग्यात आता संत्र्याच्या साली होत्या.

समोर वळणाशी वाळूचा पट्टा होता. बोट तिथवर न्यायची, हे लायलला लगेच कळलं. प्रश्न होता तो वेगाचा. वेग वाढवला तर बोट पटकन वाळूला लागेल, इंजिन वाचेल, अब्रूही थोडी वाचेल. पण वेग वाढला की लाट मोडेल.

त्याने पुन्हा मागे बघितलं. नोलीनने आता एक पाय जरा मागे घेतला होता आणि ती लाटेवर हळूच खाली-वर जात होती, कुणी शिकवल्यासारखी. ती हसत होती. आवाज ऐकू येत नव्हता, पण ती मोठ्याने हसत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, नोलीन मोठ्याने हसते हे लायलला माहीत नव्हतं.

"वाढव की रे!" डॅरिल ओरडला. "वाढव!"

"काय करतोयस?" स्तावरूलाने विचारलं. तिने पिशवी उचलून डोक्यावर धरली होती.

"वेग सांभाळतोय," लायल म्हणाला.

आणि त्याने सांभाळला. पाणी पिंढऱ्यांपर्यंत आलं, इंजिन खोकू लागलं, तरी काटा हलू दिला नाही. लाट शेवटपर्यंत मोठी होत गेली. मग वाळू खरवडल्याचा आवाज झाला, इंजिनाने एक लांब उसासा टाकला आणि नवीकोरी वांगी बोट नदीत गादीपर्यंत बसली. लाट तिच्यावरून शांतपणे पुढे गेली आणि काठावरच्या मासे धरणाऱ्यांच्या खुर्च्या घेऊन परतली.

*

डॅरिल आला, बघितलं आणि हसायला लागला. बरंच हसला. एकदा थांबला, बोटीत तरंगणाऱ्या साली दिसल्या, पुन्हा हसला. लायल चाकाशी उभा होता. आपल्याला फार वाईट वाटायला हवं, हे त्याला कळत होतं. त्याने वाट पाहिली. पण तसं काही होईना.

नोलीन पाण्यातून चालत आली. फळी काखेत, केस तोंडावर.

"थांबलास का?" तिने विचारलं.

"बोट बुडालीय, नोलीन."

तिने बोटीकडे बघितलं. "हो की," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण लाट काय होती रे!"

"तुला हे करायचं होतं, तर इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले होते. पहिल्याच वर्षी. डॅरिल म्हणाला, तू फळीवर गेलीस तर सँडविच कोण करणार? तू म्हणालास, खरंच, कोण करणार?"

डॅरिलचं हसू तिथे थांबलं. तो जरा वेळ वाळूत पायाने रेघा ओढत राहिला आणि मग दोर आणायला गेला.

बोट बाहेर निघाली. आणली तशीच, ट्रॅक्टरच्या मागे, त्याच मुख्य रस्त्याने, मागच्या भोकातून पाणी गळत. ह्या वेळी पावाच्या दुकानापुढे जास्त लोक होते. स्तावरूलाने अंगणात माती तयार असल्याचं सांगितलं. लायल म्हणाला, नको, दुरुस्त करायचीय. दुरुस्तीला नाताळापर्यंत वेळ लागला. इंजिन सुकवलं, तारा बदलल्या, गाद्या उन्हात घातल्या. त्यांना संत्र्याचा वास राहिला तो राहिलाच.

जानेवारीत बूच लावून, ते लावलंय हे नोलीनने, डॅरिलने आणि स्तावरूलाने पाळीपाळीने वाकून बघितल्यावर, बोट पुन्हा पाण्यात सोडली. टाक्या काठोकाठ भरल्या. नोलीन उठली, पहिल्याच प्रयत्नात. थोडी गेली. मग आपणच पाण्यात बसली आणि पोहत बोटीशी आली.

"ती मजा नाही," ती म्हणाली. "लाट बारीक आहे."

लायलने जेरॉमला फोन लावला. जेरॉमने शांतपणे ऐकून घेतलं. बोट बुडवून मिळालेली लाट बोट न बुडवता कशी मिळवायची, असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "वजन वाढवा," तो शेवटी म्हणाला. "माणसं बसवा. एका कुशीला, मागच्या बाजूला."

डॅरिल बसला. तो वजनाला चांगलाच भरत होता. सिमेंटचा व्यापारी खास बोलावला, तोही बसला. लाट वाढली, पण नोलीन पाण्यातून हाताने खूण करायची: अजून, अजून.

पुढच्या शुक्रवारी लायल आणि नोलीन पावाच्या दुकानात रांगेत उभे होते. पुढे गावचे लुथरन पाद्री क्लाइन उभे होते. माणूस देवभोळा, प्रेमळ आणि अंगापिंडाने असा, की प्रवचनाला उभे राहिले की मागची खिडकी झाकली जायची. नोलीन त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिली. बाजारात कलिंगड निवडताना बघतात तसं. लायलने ते बघितलं आणि पावांच्या किमती वाचू लागला.

"पाद्रीबाबा," नोलीन म्हणाली, "उद्या दुपारी काय करताय?"

पाद्री वळले. त्यांना सहसा कुणी फिरायला बोलवत नसे. त्यांचा चेहरा उजळला.

"काहीच नाही. का?"

"आमच्या बोटीतून या फेरफटक्याला."

"मी? अहो, पण मला त्यातलं काही कळत नाही. पोहताही बेताचंच येतं. येताना काही घेऊन येऊ का?"

"काही नको," नोलीन त्यांचा हात हातात घेऊन म्हणाली. "तुम्ही आहात तसेच या. फक्त जेवण भरपेट करून या."